खालचा चौकोन

फोन आला तेव्हा मी माझ्या तान्ह्या लेकीची, फुगीची, नखं कापत होते. हे काम ती झोपलेली असतानाच उरकावं लागतं. जागेपणी तिची बोटं म्हणजे नुसत्या मासोळ्या. एक हात झाला होता, दुसऱ्याची करंगळी माझ्या चिमटीत होती, आणि फोन थरथरत पलंगाच्या कडेकडे सरकायला लागला.

“बोलू शकतेस?” ठिपकेसाहेबांनी विचारलं.

“हळू बोलू शकते.”

ठिपकेसाहेब म्हणजे आमच्या वनस्पती-संग्रहालयातले नकाशांचे संपादक. कोणती वनस्पती कुठे कुठे उगवते याचे नकाशे ते करतात. सगळा प्रदेश सारख्या चौकोनांत कापलेला. ज्या चौकोनात वनस्पती सापडली, त्यात काळा ठिपका. पूर्वी होती पण हल्ली कुणी पाहिली नाही, तर पोकळ ठिपका. आणि नाहीशीच झाली असेल तर फुली. तोंडावर आम्ही त्यांना सर म्हणतो. रजेवर जाईपर्यंत मी त्यांच्याच खोलीत बसायचे, खिडकीकडे पाठ करून, कारण खिडकीकडे तोंड केलं की माझं कामात लक्ष राहत नाही हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं.

“तुझ्या आईच्या ठिपक्याबद्दल बोलायचंय,” ते म्हणाले. “त्यावर फुली मारावी लागतेय मला. म्हटलं, छापून आल्यावर कळण्यापेक्षा आधी सांगावं.”

करंगळी चिमटीतून निसटली.

आईचा ठिपका हा दलदलीतल्या घोडशेपटीचा ठिपका. घोडशेपूट म्हणजे विचित्रच प्रकरण आहे. फूल नाही, पान म्हणावं असं पान नाही. नुसती हिरवी, रेघारेघांची, पेरापेरांची काडी, आणि प्रत्येक पेरावर छत्रीच्या काड्यांसारख्या बारीक फांद्या. ओढली की पेरावर टप्पकन सुटते, परत खोचली की बसते. लहान मुलांना द्यावी असं खेळणं, पण देऊ नये, कारण ती विषारी असते, घोड्यांनासुद्धा बाधते. तिची एक धाकटी बहीण आहे, ती कुठेही उगवते, रेल्वेच्या खडीत, बागेत, फरशीच्या फटीत, आणि माळ्यांच्या शिव्या खाते. ही मात्र ओल्या, गार मुलखातली. उत्तरेकडे तिचे ठिपके इतके दाट की कागद काळा दिसतो. खाली येता येता ते विरळ होत जातात. आणि अगदी खाली, सगळ्यांपासून तुटून, एकटाच एक ठिपका.

तो नमुना आईने गोळा केला तेव्हा मी तिच्या पोटात होते. मग मी झाले, आणि आई पुन्हा वनस्पती गोळा करायला बाहेर पडली नाही. संग्रहालय सोडून शाळेत शिकवायला लागली. संग्रहालयाच्या कपाटांत तिच्या नावाचे नमुने पुष्कळ आहेत, पण त्या घोडशेपटीच्या पुढच्या तारखेचा एकही नाही. मी शोधलंय. नोकरीला लागले तेव्हा शोधलं, आणि रजेवर जायच्या आधी पोट सावरत सावरत पुन्हा एकदा.

“फुली कशाला, सर? पोकळ ठिपका तरी...”

“सर्वेक्षक जाऊन आला. फोटो पाठवलाय. टायरचं गोदाम आहे तिथे. खाली सगळं काँक्रीट.”

“तिथे म्हणजे नेमकं कुठे?”

ते जरा घुटमळले. “आकड्यांवर.”

“सर! ते आकडे चौकोनाच्या मध्याचे आहेत!”

“ते मला ठाऊक आहे.”

जुन्या नमुन्यांवर अक्षांश-रेखांश नसतात. अमक्या रस्त्याला, तमक्याच्या मागे, ओल्या जागी, एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून कार्यालयातल्या कुणीतरी चौकोन ठरवला. पुढे सगळं संगणकात भरताना प्रत्येक नमुन्याला नेमके आकडे हवेत म्हणून संगणक अडून बसला, तेव्हा जिथे आकडे नव्हते तिथे चौकोनाचा मध्य टाकून मोकळे झाले. आमच्यात हे सगळ्यांना माहीत असतं. तरी कुणीतरी हातात यंत्र धरून त्या मध्यावर जाऊन उभं राहतंच. एकाने तर डोंगरकड्यावरचा नेचा भर तळ्यात होडी घालून शोधला होता आणि ‘आढळला नाही’ असं प्रामाणिकपणे लिहून दिलं होतं.

“म्हणजे तो टायरच्या ढिगावर चढून घोडशेपूट शोधत होता?”

“चढला होता. फोटोत बूट दिसतात.” ठिपकेसाहेब हसले नाहीत. “हे बघ, चूक झाली, मान्य. पण माझ्या हातात आत्ता काय आहे? एक जुना नमुना आणि एक नवा ‘नाही’. सोमवारी पानं छापखान्यात जातात. त्याआधी कुणी ताजी काडी आणून दाखवली तर ठिपका राहील. नाहीतर फुली. नियम मीच केलाय, मीच कसा मोडू?”

“मी आणते.”

“अगं, तू रजेवर आहेस.”

“रजा नोकरीवरून आहे, सर. पायांवरून नाही.”

हे मी जरा मोठ्यानेच बोलले असणार, कारण फुगीने डोळे उघडले, माझ्याकडे एखाद्या तपासनिसासारखं पाहिलं आणि भोकाड पसरलं.

*

आई पलीकडच्याच गल्लीत राहते. दुपारी येते, बाटल्या धुते, फुगीला मांडीवर घेते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते आणि तो जेवते.

“फुली तर फुली,” ती म्हणाली. “मेलेल्यावर फुलीच मारतात.”

“मेली कशावरून?”

“अगं, माझे गुडघे टिकले नाहीत, ती काडी काय टिकतेय.”

“तुला काहीच वाटत नाही?”

“वाटायचंय काय त्यात? घोडा नव्हताच, शेपूट होती, तीही गेली. फुगीची मान धर आधी, बोलण्याच्या नादात लोंबतेय ती.”

पण धुऊन पालथी घातलेली बाटली तिने उचलली आणि पुन्हा साबणाच्या पाण्यात बुडवली. ब्रश आत घालून फिरवत राहिली. मी फुगीला खांद्यावर घेऊन खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत राहिले. हल्ली माझं असंच झालंय. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. फुगीच्या डोक्याचा वास घेतला की वाटतं, इथून हलूच नये. आणि तोच वास नाकात असताना पाय मात्र दाराकडे वळलेले असतात. नवरा म्हणतो, पायाला भिंगरी लागलीय तुझ्या. तो स्वतः रुग्णालयात परिचारक आहे, दिवसभर उभा असतो. घरी आला की भिंतीला टेकून झोपतो. शनिवार-रविवार त्याची पाळी होती. म्हणजे जायचं तर फुगीला घेऊनच.

“आई, जागा आठवते का तुला?”

“वीटभट्टीच्या मागे, ओढ्याला लागून. लिहिलंय की नमुन्यावर.”

“वीटभट्टी आता नाहीये.”

“मग मला काय विचारतेस? मी नेली का ती?”

मी म्हटलं, ठीक आहे, मी एकटीच बघते. ती म्हणाली, बघ की. मी म्हटलं, झोळीत घेईन हिला. ती म्हणाली, घे की. जाताना तिने दार जरा जोरातच ओढलं.

शनिवारी सकाळी मी पिशवी भरत होते. लंगोट, दुपटं, कपडे, पुन्हा लंगोट. तेवढ्यात आई आली. डोक्याला टोपी. हातात कापडी पिशवी.

“कुठे निघालीस?” मी विचारलं.

“भाजी आणायला.”

तिच्या गळ्यात काळ्या दोरीला तिचं जुनं भिंग लटकत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तिने ते झटकन गळ्याखाली सरकवलं.

“भाजी हल्ली नीट बघून घ्यावी लागते,” ती म्हणाली. “चल, बस चुकेल.”

*

बसमध्ये फुगी झोपली आणि माझं पुढचं गणित सुरू झालं. आत्ता झोपली म्हणजे उतरेपर्यंत उठणार. उठली की भूक. भूक लागली की कुठे बसायचं? पाऊस आला तर? काडी नाहीच मिळाली तर? आई खिडकीबाहेर बघत होती. मधूनच म्हणायची, इथे तर शेत होतं. मग जरा वेळाने, नाही, ते पुढे.

वीटभट्टीच्या जागी शटरवाल्या गॅरेजांच्या रांगा लागल्या होत्या. टोकाला गाड्या धुवायचं सर्व्हिस सेंटर. त्याच्या मागे तारेचं कुंपण, कुंपणाला माणूस जाईल एवढं भगदाड, आणि पलीकडे दलदल. दलदल कसली, तिचा उरलेला तुकडा. बोरू माजलेला, मधे काळं पाणी, त्यावर तरंगणारी प्लास्टिकची खुर्ची. आणि या सगळ्याच्या पलीकडे, मातीचा उंच भराव घालून त्यावरून नेलेला मोठा रस्ता. मालाचे ट्रक एकामागून एक घोंगावत चालले होते.

“हे नव्हे,” आई म्हणाली.

“मग?”

“थांब, हेच. ते झाड कुठे गेलं? मोठं झाड होतं.”

“कुठल्या बाजूला?”

“उजव्या.” तिने डावा हात उचलला, मग उजवा. “मी तोंड कुठे करून उभी होते त्यावर आहे ना ते.”

मी भरावाच्या उतारावर चढले आणि मला ती दिसली. खडीतून वर आलेली, हिरवीगार, छत्र्यांवर छत्र्या. एक नाही, रांगच्या रांग. मी ओरडलेच. छातीवरच्या झोळीत फुगी दचकली. आई धापा टाकत आली, भिंग डोळ्याला लावलं, एक फांदी बोटाने बाजूला केली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “काय गं, पगार कशाचा घेतेस तू?”

“काय झालं?”

“पहिलं पेर बघ.”

मी पाहिलं, आणि माझे कान गरम झाले. घोडशेपटीच्या काडीला प्रत्येक पेरावर एक दातेरी कॉलर असते. तिथून निघणाऱ्या फांदीचं पहिलं पेर त्या कॉलरीपेक्षा लांब असेल, तर ती धाकटी बहीण, बागांमधलं तण. आखूड असेल, तर आपली, दलदलीतली. हे मी नवीन आलेल्यांना शिकवते. इथे प्रत्येक फांदीचं पहिलं पेर कॉलरीच्या वर चांगलं मान काढून उभं होतं.

“ही घेऊन गेलीस,” आई म्हणाली, “तर तो तुझा ठिपकेवाला तुझ्यावरच फुली मारेल.”

मग मी फुगीला आईकडे दिलं, गमबूट चढवले आणि दलदलीत उतरले.

कितीतरी वेळ मी त्या चिखलात होते. बोरूच्या प्रत्येक बेटाभोवती फिरले, हाताने बाजूला सारून बुडखे पाहिले. काठीने चाचपत त्या खुर्चीपर्यंत गेले. एका ठिकाणी पाय रुतला आणि बुटात गार चिखल शिरला. वर रस्त्यावर ट्रक, खाली बुटात पचपच, आणि मागे कुंपणापाशी फुगीचं रडणं सुरू झालं. आधी कुरकुर, मग ओरडणं, मग तो तिचा विशिष्ट सूर, ज्याला माझं शरीर माझ्याआधी उत्तर देतं. सदऱ्यावर ओले डाग उमटले. मी तरी पुढेच गेले. अजून ते एक बेट, म्हटलं, तेवढं बघते. ते पाहिलं, तर त्याच्यामागे आणखी एक होतं.

“अगं, ये आता!” आई ओरडली. “ही माझी टोपी खातेय!”

*

सर्व्हिस सेंटरच्या मागे एक क्रेट उलटा पडला होता. त्यावर बसून मी फुगीला पाजायला घेतलं. ती रागावली होती. प्यायची, सोडायची, माझ्याकडे बघून एक हुंदका द्यायची, पुन्हा प्यायची. माझ्या गुडघ्यापर्यंत चिखल वाळत चालला होता. भिंतीपलीकडे कुणीतरी गाडीवर पाण्याचा फवारा मारत होतं.

“नाहीये ती,” मी म्हणाले.

“बरं.”

“सगळं पाहिलं मी, आई. अगदी आतपर्यंत जाऊन.”

“बघितलं ना मी. वेड्यासारखी फिरत होतीस.” तिने आपल्या रुमालाने माझ्या कपाळावरचा चिखल पुसला, लहानपणी पुसायची तसाच, जरा सोलून काढल्यासारखा. “जाऊ दे. खरंच सांगते, जाऊ दे. मला काही फरक पडत नाही.”

“मला पडतो.”

“का?”

फुगीच्या कानामागे चिखलाचा ठिपका लागला होता, तो मी अंगठ्याने पुसत बसले. माझ्यामुळे तुझा पुढचा ठिपका पडला नाही, असं आपल्या आईला क्रेटवर बसून कसं सांगायचं? त्याऐवजी मी भलतंच विचारलं. मघा आत शिरताना चिखल माझा बूट सोडत नव्हता तेव्हापासून ते डोक्यात घोळत होतं.

“तू तरी कशी गेलीस गं आत? पोट केवढं असेल तेव्हा तुझं.”

“कुठे आत?”

“दलदलीत.”

“मी? त्या चिखलात? सातव्या महिन्यात?” आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला ढकलायला निघाले होते. “वेड लागलं होतं का मला? मी तर कठड्यावर बसले होते.”

फवाऱ्याचा आवाज थांबला.

“कुठला कठडा?”

“होता एक बुटका दगडी कठडा. त्यातून पाइप निघालेला, झऱ्याचं पाणी पडायचं. पाय असे सुजले होते माझे, बूट निघता निघेना. काढले कसेबसे आणि पाय धरले पाण्याखाली. एवढं बरं वाटलं ना! आणि तिथेच, अशी, हाताशी होती ती. वाकता तर येत नव्हतंच. बसल्या बसल्या उपटली.”

“आणि हे तू मला आत्ता सांगतेस?”

“तू आत्ता विचारलंस.”

“मी दोन दिवस विचारतेय, जागा कुठे, जागा कुठे!”

“जागा सांगितली की मी. बसले कुठे, हे कुणी विचारलं?”

फुगीने सोडलं आणि आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मी तिला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटायला लागले आणि थोपटतच उभी राहिले. दोघींनी एकदमच तो दलदलीचा तुकडा नजरेखालून घातला. कुठे दगड नाही, कठडा नाही.

“पाइपचं पाणी कुठे जात होतं?” मी विचारलं.

“ओढ्यात.”

“आणि ओढा?”

“खाली. तिकडे.” तिने भरावाकडे बोट दाखवलं आणि तिचा हात तसाच हवेत राहिला. “हा रस्ता कधी झाला? रस्ता नव्हता इथे. इथून तिथपर्यंत एकच दलदल होती.”

काळं पाणी भरावाच्या पायथ्याशी एका सिमेंटच्या नळीत शिरत होतं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मग फुगीने ढेकर दिली, आणि आई म्हणाली, “चला.”

*

त्या रस्त्यावर माणसांनी ओलांडायची सोयच नव्हती. सिग्नलपर्यंत चालत जावं लागलं आणि पलीकडच्या कडेने तेवढंच परत यावं लागलं. आई लंगडत होती, पण माझ्या पुढे होती. मी झोळी आवळून धरली होती. फुगीचं नाक माझ्या गळ्याला लागत होतं, ओलं आणि गरम. मनात मी एकच गोष्ट घोकत होते: नसेल, नसेल, नसेल. असं घोकलं की नंतर कमी लागतं म्हणतात. तसं काही होत नाही.

पलीकडे उतार, उताराखाली झुडपं, आणि झुडपांत पाण्याचा आवाज. ओढ्याचा नव्हे. वरून खाली पडणाऱ्या पाण्याचा.

कठडा अर्धा मातीत गेला होता. वर शेवाळाची गादी. पाइपचं लोखंड गंजून झालर झालेली, पण त्यातून बोटभर जाडीची धार पडत होती, स्वच्छ, कुणाला विचारल्याशिवाय. आणि धारेखाली, एखाद्या सतरंजीएवढ्या जागेत, ती उभी होती. धाकट्या बहिणीसारखी माजलेली नव्हे. सडपातळ, गडद हिरवी. फांद्या वर उचललेल्या. दोन-तीन काड्यांच्या शेंड्यावर तपकिरी कणीस, उडीदडाळीच्या दाण्यांचं केल्यासारखं.

मी गुडघ्यावर बसले. झोळी एका हाताने वर धरून, दुसऱ्या हाताने एक फांदी बाजूला केली. पहिलं पेर कॉलरीच्या आत लपलेलं होतं. दुसरी फांदी. तिचंही. तिसरी पाहताना डोळ्यांपुढे धूसर झालं.

“भिंग दे,” मी म्हणाले.

“कशाला? मला इथून दिसतंय,” आई म्हणाली. पण तिने भिंग काढून दिलं.

मग ती कठड्यावर बसली. शेवाळावर हात फिरवला, जागा जरा बदलली, पुन्हा बसली. हात खाली सोडला. बोटं काडीपासून वीतभर वर राहिली.

“तेव्हा पोट मधे यायचं,” ती म्हणाली, “आता गुडघे येतात.”

मग वाकून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटांत कोंबले आणि पाय धारेखाली धरले. रस्त्यावरून ट्रक जात होते, पण इथे त्यांचा आवाज दुसऱ्या कुणाच्या घरातला वाटावा तसा येत होता.

“अजून गार आहे,” आई म्हणाली.

कणीस असलेली एकच काडी मी घेतली, बाकीच्या राहू दिल्या. धारेत भिजवलेल्या लंगोटात गुंडाळली. फुगीने लगेच हात पुढे केला, अर्थातच तोंडात घालायला, आणि मी तो पकडून त्याचा पापा घेतला. एका हाताची नखं अजून वाढलेलीच होती.

*

ठिपकेसाहेबांना मी तिथूनच फोन लावला.

“कणसासकट?” त्यांनी विचारलं. “पहिलं पेर?”

“आखूड. सगळ्या फांद्यांचं. फोटो पाठवलेत, काडी उद्या आणते.”

“जागेचे आकडे दे. उभी आहेस तिथले दे, मध्याचे नको.”

मी वाचून दाखवले. पलीकडे कळफलकाचा आवाज झाला आणि थांबला.

“हा चौकोन नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“हा खालचा चौकोन आहे. रेघ त्या मोठ्या रस्त्यावरून जातेय. तू रेघेच्या दक्षिणेला आहेस. म्हणजे बाईंनी चौकोन चुकीचा...”

आई पाण्यातून पाय न काढता म्हणाली, “त्याला सांग, मी चौकोन लिहिलाच नव्हता. मी वीटभट्टीच्या मागे लिहिलं होतं. चौकोन त्याच्या कार्यालयाने लिहिला.”

“ऐकलं मी,” ठिपकेसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम शाळेतल्या मुलासारखा झाला. आई संग्रहालयात होती तेव्हा ते नुकतेच लागलेले होते. “बाईंना म्हणावं, वरचा ठिपका काढतो आणि खालच्या चौकोनात भरीव टाकतो. फुली नाही, काही नाही. उलट सीमा एक घर खाली गेली.”

मी आईकडे पाहिलं. ती आपल्या बोटांकडे पाहत होती, आणि तोंड असं घट्ट मिटलं होतं की हसू कुठूनही सांडू नये.

“फक्त एक आहे,” ठिपकेसाहेब म्हणाले. “कडेचा ठिपका खाली सरकला की त्याच्याही खालचा चौकोन कुणीतरी पाहून यायचा. तिथे आहे की नाही, हे कळायला हवं. हा नियम माझा नाही हं. बाईंचाच आहे. छपाईला आता जमणार नाही, पुरवणीत घेऊ. तुझी रजा संपली की...”

“मी जाते,” मी म्हणाले.

“मी जाईन,” आई त्याच वेळी म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी तिच्याकडे वळले. “तू? या गुडघ्यांनी?”

“ओढ्याच्या कडेकडेने, बसत बसत जाईन. ती बसूनच सापडते, तूच पाहिलंस.”

“आणि फुगीला कोण बघणार?”

“तिची आई आहे की.”

हे ती सहज म्हणाली, मोज्यात पाय घालताघालता. मला मात्र मधेच कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं झालं. मी झोळीची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधली. “तिची आईसुद्धा जाणार आहे,” मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. “तू तेव्हा थांबलीस. मी थांबणार नाही.”

आईने नाडी बांधता बांधता मान वर केली. मला वाटलं, दुखावली. पण ती मला पहिल्यांदाच भेटल्यासारखी निरखत होती, भिंगातून बघावं तशी.

“थांबलीस म्हणे,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी थांबले असं वाटतंय का तुला? अगं, मला त्या शाळेत दुपारची सुट्टी असायची. झोपा काढल्या मी.” मग बुटाची नाडी ओढून घट्ट केली. “पहिली काही वर्षं. नंतर कंटाळा आला, पण तोवर कुणी विचारेना.”

“मग आता?”

“आता तूच भांडतेयस की माझ्याशी. हात दे, उठव.”

मी हात दिला. ती जड आहे. उठवताना मी जवळजवळ तिच्याच अंगावर पडले, आणि मधे फुगी चिरडली जाऊन खदखदून हसली.

परतीच्या बसमध्येही भांडण मिटलं नाही. आई म्हणत होती, आधी तिने पाहणी करून यावं आणि मग मी जावं. मी म्हणत होते, गमबूट माझे आहेत. फुगीला मांडीवर कोण घेणार यावरही झालं. शेवटी ती आईच्या मांडीवर गेली, काडीची पिशवी माझ्या मांडीवर आली, आणि दर थांब्याला मी लंगोट उलगडून कणीस आहे ना ते पाहत होते. घर जवळ यायला लागलं तसं आईने माझ्या खिशातून बाहेर डोकावणाऱ्या फोनकडे बोट दाखवलं.

“नकाशा काढ.”

काढला. आजचा ओढा, आजचा रस्ता, आज आम्ही उभ्या होतो ती जागा.

“हा ओढा त्याच्याही खालच्या चौकोनात कुठून शिरतो ते दाखव मला.”

मी बोटाने नकाशा वर ढकलला. फुगीने झडप घालून तो भलतीकडेच नेला. आईने तिचा हात हळूच बाजूला केला, चष्मा कपाळावर ढकलून फोन नाकाशी धरला आणि निळ्या रेघेवर नजर खिळवून म्हणाली,

“सरकव. अजून खाली सरकव.”